‘बॅडमिंटनची जन्मभूमी’ : बोर्डासाठी सही करण्याआधी थोडं वाचा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण रविवारी सकाळी सही करायला येणार असाल तर वाचूनच या.

आपल्या प्रभागातल्या बॅडमिंटन हॉलच्या दारावर कमान उभारायची आणि तिच्यावर ‘बॅडमिंटनच्या जन्मभूमीत आपले स्वागत’ असा बोर्ड लावायचा, असं निवेदन सध्या ग्रुपवर फिरतंय. निवेदन आमच्याच सकाळच्या ग्रुपमधून निघालंय. खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका त्यामागे आहेत. माणूस सोन्यासारखा, सत्तरीत सुद्धा बॅकहँड असा की समोरच्याने नुसतं बघत राहावं. त्यांनी मला सांगितलं, “तुम्ही लिहिता, तर मजकूर तुम्हीच करा.” मी हो म्हणालो. दोन ओळी खरडायला बसलो आणि तीन आठवडे वाचतच राहिलो. कारण ‘जन्मभूमी’ हा शब्द काही केल्या हातातून उतरेना.

तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. सिंधूला किंवा सात्त्विक-चिरागला काही मोठं मिळालं की हमखास येतो. “बॅडमिंटनचं खरं नाव पूना! इंग्रजांनी आपल्याकडून चोरला, आपल्या गावाचं नाव दिलं! शेअर करा!” खाली झेंडे. गंमत म्हणजे यातलं अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं खोडून काढायला अख्ख्या खोट्यापेक्षा जास्त कष्ट पडतात.

आधी खरं ते सांगतो. या खेळाला एकेकाळी ‘पूना’ म्हणत, हे शंभर टक्के खरं. १८६० च्या दशकात पुण्यात असलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी तो खेळत होते. खडकी-पुण्याच्या छावण्या का झाल्या, हे आपल्याला सांगायची गरज नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि तिथे पलटणी बसल्या. त्यानंतर जेमतेम पन्नास वर्षांत त्याच पलटणींतले साहेब संध्याकाळी जाळी बांधून फूल उडवत होते. (माझ्या पिढीला शटलकॉक म्हटलं की जीभ अडखळते. आपल्याकडे ते ‘फूल’च. पुढेही फूलच म्हणणार.)

खेळाचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यात लिहिले गेले, असं बऱ्याच पुस्तकांत आहे. काही ठिकाणी पहिल्या लिखित नियमांचा मान इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या क्लबला देतात, साल १८७७. म्हणजे वाद आहेच. पण पुण्याच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे. सुट्टीवर किंवा निवृत्त होऊन परत गेलेल्या अधिकाऱ्यांनी १८७५ पर्यंत फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी क्लब काढला होता, आणि इंग्लंडात १८८७ पर्यंत खेळ चालला तो मुख्यतः पुण्याच्या नियमांवर. त्या साली बाथ क्लबच्या हार्ट नावाच्या गृहस्थांनी ते दुरुस्त केले. १८९० मध्ये आणखी एकदा फेरफार झाले, आणि १३ सप्टेंबर १८९३ ला पोर्ट्समथमधल्या ‘डनबार’ नावाच्या घरी इंग्लंडची बॅडमिंटन असोसिएशन स्थापन होऊन तेच नियम अधिकृत झाले. म्हणजे आपल्या गावच्या नावाचं नियमपुस्तक चौदा-एक वर्षं साहेबाच्या देशात चाललं. ही छोटी गोष्ट नाही. बोर्डावर हे लिहायला माझी काहीच हरकत नाही, उलट आग्रह आहे.

पण जन्म?

फूल आणि बॅट घेऊन दोघांनी ते हवेत ठेवत राहायचं, हा खेळ युरोपात त्याआधी कितीतरी पिढ्या होता. त्याला बॅटलडोर म्हणत. त्यात जाळी नव्हती, गुण नव्हते, हारजीत नव्हती. उलट दोघांनी मिळून फूल पडू द्यायचं नाही, किती टोले झाले ते मोजायचं, एवढंच. आपल्याकडे लहान मुली अंगणात अजून तसंच खेळतात. आता ग्लॉस्टरशायरमधला बॅडमिंटन हाऊस हा ड्यूक ऑफ बोफर्टचा वाडा. फॉरवर्डमध्ये असतं की १८७३ साली या वाड्यात पार्टी होती, हिंदुस्थानातून आलेल्या अधिकाऱ्यांनी पूना खेळून दाखवला आणि वाड्याचं नाव खेळाला चिकटलं. गोष्ट छान आहे. अडचण एवढीच की लंडनच्या आयझॅक स्प्रॅट नावाच्या खेळणीविक्याने १८६० सालीच एक पुस्तिका काढली होती आणि तिच्या नावातच ‘बॅडमिंटन बॅटलडोर’ हे शब्द होते. पार्टीच्या तेरा वर्षं आधी. म्हणजे नाव तिकडे आधीपासून होतं, खेळाचा एक अवतारही होता. इकडे छावणीत त्याच खेळाला जाळीची शिस्त आली, चुरस आली, नियम आले. आणि मग तो परत गेला.

म्हणून मी काकांना म्हटलं, “काका, जन्म नाही, मुंज इथे झाली म्हणा.” काका हसले नाहीत.

आणखी एक पैलू सांगतो. आपल्याच देशात या खेळाचं एक भावंड आहे, बॉल बॅडमिंटन. फुलाऐवजी लोकरीचा पिवळा चेंडू, मोकळं मैदान, एका बाजूला पाच-पाच खेळाडू. वाऱ्यात फूल भरकटतं, लोकरीचा चेंडू भरकटत नाही, हा त्यातला साधा हिशेब. दक्षिणेत आजही जोरात चालतो. त्याचं मूळ तंजावरच्या राजघराण्यापर्यंत नेतात, १८५६ च्या सुमारास. तंजावरचं राजघराणं म्हणजे कोण? व्यंकोजीराजांचे वंशज, आपलेच भोसले. आता हे पकडून कुणी ‘बॅडमिंटन मराठ्यांनी शोधला’ असा फॉरवर्ड काढला तर कृपया माझं नाव देऊ नका.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट कोर्टाच्या आकाराची आहे. आज कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, सरळसोट आयत. पण १९०१ पर्यंत ते डमरूसारखं होतं. मागच्या रेषेवर रुंद आणि जाळीपाशी अरुंद. का? एक गोष्ट अशी सांगतात की ज्या दिवाणखान्यात हे खेळत, त्याची दोन्ही बाजूंची दारं आत उघडत. दार उघडल्यावर जाळीपाशी जागा उरायची नाही, म्हणून कोर्टालाच कंबर काढली. खरं असो-नसो, मला पटतं. कारण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधलं कोर्टसुद्धा एका बाजूने दीड फूट कमी आहे. तिथे चेअरमनची गाडी असते.

त्याच काळात टेनिसनेही हीच कंबर काढली होती. मेजर विंगफिल्ड यांनी १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं, त्यांचं कोर्टही डमरूच. पण १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा भरवायची वेळ आली तेव्हा समितीने बसून नियम नव्याने केले. कोर्ट आयताकृती, ७८ फूट बाय २७ फूट. आजही एकेरीचं माप तेच. गुण मोजायचे पंधरा-तीस-चाळीस, जुन्या राजेशाही टेनिसप्रमाणे. याबद्दलही एक फॉरवर्ड आहेच, की हे गुण घड्याळाच्या काट्यावरून आले, पंचेचाळीसचं चाळीस झालं वगैरे. ऐकायला गोड आहे. पण ही मोजणी ज्या काळातली सांगतात, त्या काळात मिनिटकाट्याचं घड्याळ लोकांच्या नजरेसमोर नसायचं. शून्याला ‘लव्ह’ का म्हणतात, त्याचंही तसंच. फ्रेंचमधल्या अंड्यावरून आलं म्हणतात, पक्का पुरावा नाही. खेळाच्या जन्मकथा बहुतेक अशाच असतात, नंतर बसून जुळवलेल्या. नियमाचं मात्र तसं नसतं. नियम कधी, कुठे, कुणी लिहिला याचा कागद निघतो.

आणि इथेच माझी खरी अडचण सुरू झाली. कारण कागद वाचताना त्यात कोण नाही, हेही दिसायला लागतं.

१८७३ च्या पुण्यातल्या नियमांत फूल कुठे पडलं तर काय, हे आहे. ते उचलून कोण आणायचं, हे नाही. जाळी कुणी बांधायची, चुन्याच्या रेषा कुणी मारायच्या, हे नाही. ती माणसं इथलीच होती, कोर्टाच्या बाजूलाच उभी होती आणि त्यांची नावं कुठेच नाहीत. बॅडमिंटनमध्ये तरी मला एकही सापडलं नाही. शेजारच्या क्रिकेटमध्ये मात्र एक नाव आहे, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. पालवणकर बाळू. चर्मकार समाजातला मुलगा. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात कामाला लागला, पगार महिना चार रुपये. काम काय? खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचं, आणि हो, गरज पडली की टेनिस कोर्टाच्या रेषा मारायच्या. पुढे साहेबांना सराव म्हणून तो नेटमध्ये गोलंदाजी करू लागला. तासन्‌तास. ग्रेग नावाचा त्यांचा नामांकित फलंदाज त्याच्याकडून सराव करून घ्यायचा. पण बाळूच्या हातात बॅट कधी कुणी दिली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता.

पुढे हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचं होतं तेव्हा त्यांना बाळू लागला. मैदानात त्याने टाकलेल्या चेंडूला सगळे हात लावायचे, चहाच्या वेळेला मात्र त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. तेव्हा फक्त इंग्रजांकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. आपलाही एक जिमखाना होता आणि त्यालाही दार होतं.

मग आपण काय केलं? पुण्याने एक चांगली गोष्ट केली, ती फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. साहेबांच्या क्लबात प्रवेश नाही म्हणून रडत न बसता स्वतःचे जिमखाने काढले. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना उभा राहिला. १९१४ च्या सुमारास पुण्यातच खो-खोचे नियम बसून लिहिले गेले. मैदान किती, खांब कुठे, पाळी किती मिनिटांची, सगळं कागदावर. शतकानुशतकं खेळला गेलेला खेळ, पण नियम लिहिले गेले आणि मग सामने, पंच, स्पर्धा हे शक्य झालं. साहेबाने आपल्याच छावणीत बसून हेच केलं होतं. नियम लिहिणारा खेळ पुढे नेतो, मग तो कुणाच्या का अंगणातला असेना. म्हणून ‘चोरला’ हा शब्द मला पटत नाही. चोरायला आधी आपण तो आपला म्हणून कुठेतरी मांडून ठेवायला हवा होता.

बॅडमिंटनकडे आपली माणसं नंतर वळली, पण वळली ती झोकात. भारताची बॅडमिंटन असोसिएशन १९३४ ची, कलकत्त्यात स्थापन झालेली. त्याच साली जुलैत जागतिक संघटना निघाली. त्या नऊ संस्थापक देशांची यादी बघा : इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, डेन्मार्क, हॉलंड, फ्रान्स, कॅनडा, न्यूझीलंड. पूना ज्या देशात, तो देश यादीत नाही. भारत दोन वर्षांनी आत आला.

आणि मग १९४० च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धांच्या विजेत्यांत एकाच घरातल्या तीन बहिणींची नावं येतात. तारा, सुंदर आणि सुमन देवधर. पुण्याच्या. क्रिकेटवाल्या दि. ब. देवधरांच्या मुली. देवधर ट्रॉफी सगळ्यांना माहीत आहे. प्रोफेसर संस्कृतचे आणि बॅट क्रिकेटची, हे कौतुकही आपण ऐकलेलं असतं. त्यांच्या मुलींनी त्या काळात, बायकांनी मैदानात उतरायचं म्हटलं की भुवया वर जाण्याच्या दिवसांत, राष्ट्रीय विजेतेपदं घरी आणली. मी आमच्या ग्रुपमध्ये विचारलं, चौदा माणसांत एकालाही ही नावं माहीत नव्हती. निवेदन लिहिणाऱ्या काकांनाही नाही. मलाही महिन्यापूर्वी नव्हती, उगाच शहाणपणा नको.

नंदू नाटेकर तरी माहीत असावेत. जन्म सांगलीचा, १९३३ चा. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्या पहिल्याच तुकडीत त्यांचं नाव. सहा वेळा राष्ट्रीय एकेरी विजेते. २०२१ च्या जुलैत ते गेले, इथेच, पुण्यात. त्या दिवशी ऑलिम्पिक चालू होतं, टीव्हीवर सिंधूची मॅच होती. आमच्या ग्रुपवर नाटेकरांची बातमी एकाने टाकली, खाली दोन हात जोडलेले इमोजी, मग परत मॅचचा स्कोअर. मीही त्यातलाच.

क्वालालंपूरवरून आठवलं. जागतिक संघटनेचं ऑफिस वर्षानुवर्षं कुठे होतं सांगा? चेल्टनममध्ये. चेल्टनम कुठल्या परगण्यात? ग्लॉस्टरशायर. म्हणजे ज्या परगण्यात बॅडमिंटन हाऊस, तिथेच. २००५ मध्ये ते ऑफिस उचलून क्वालालंपूरला गेलं. आणि पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, गुण मोजायची पद्धत मुळापासून बदलली.

माझ्या वयाच्या लोकांना जुनी पद्धत आठवत असेल. सर्व्हिस ज्याची, गुण त्यालाच. रॅली जिंकली आणि सर्व्हिस तुमची नसेल तर फक्त सर्व्हिस मिळणार. पंधराचा गेम, बायकांच्या एकेरीला अकराचा. तेरा-तेरा झाले की ‘सेटिंग’ घ्यायचं की नाही याचा खल. एकाच गुणावर दहा-दहा वेळा सर्व्हिस इकडून तिकडे. गोपीचंदने २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकली ती या पद्धतीत, चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६. आता प्रत्येक रॅलीला गुण, एकवीसचा गेम, वीस-वीस झाले तर दोनने पुढे जायचं, आणि एकोणतीस-एकोणतीस झालेच तर तिसावा गुण ज्याचा गेम त्याचा. टीव्हीला सोपं झालं, सामना किती वेळात संपेल याचा अंदाज येतो. मला सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. जुन्या पद्धतीत १४-२ ने मागे असलेला माणूससुद्धा परत येऊ शकायचा, सर्व्हिस त्याच्या हातात आहे तोवर समोरच्याला एकही गुण मिळत नसे. धीर धरणाऱ्याचा खेळ होता तो. पण २०१७ ची सिंधू-ओकुहारा फायनल पाहिली, एकशे दहा मिनिटांची, १९-२१, २२-२०, २०-२२, आणि माझी तक्रार संपली. धीर कुठे गेलेला नाही.

त्यानंतर पाच गेमांचे, अकरा-अकरा गुणांचे सामने करायचा ठराव दोनदा आला, २०१८ मध्ये आणि २०२१ मध्ये. दोन-तृतीयांश मतं हवी होती. दुसऱ्या वेळी तो अगदी थोडक्यात पडला. दुसऱ्या वेळी तो मांडणारे देश होते इंडोनेशिया आणि मालदीव. विचार करा, एकेकाळी बाथमधला एक गृहस्थ घरी बसून अख्ख्या खेळाचे नियम दुरुस्त करत होता, आणि आता मालदीव ठराव मांडतो.

सर्व्हिसचा नियमही असाच. पूर्वी ‘कमरेच्या खालून’ एवढंच होतं. आता कंबर कुठे सुरू होते यावर पंच आणि खेळाडू वर्षानुवर्षं भांडले. उंच माणसाची कंबर उंच, त्याला फायदा. २०१८ पासून सरळ आकडा घातला : जमिनीपासून १.१५ मीटर, सगळ्यांना एकच. १९८० च्या सुरुवातीला मलेशियाच्या सिदेक बंधूंनी फुलाच्या पिसांना घासून अशी सर्व्हिस काढली की फूल हवेत नाचायचं आणि परतवणाऱ्याचे हाल व्हायचे. ती बंद केली, आधी बुडालाच बॅट लागली पाहिजे असा नियम आला. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या एका खेळाडूने बोटांनी फिरकी देऊन सर्व्हिस केली, तीही बंद. कुणीतरी पळवाट शोधतो, मग समिती बसते, मग नियमाला एक शेपूट वाढतं. आपल्या सोसायटीच्या नियमावलीसारखंच, फक्त तिथे समिती लवकर बसते.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण गेल्या मंगळवारी मी मजकूर घेऊन हॉलवर गेलो, आणि दाराशी थांबून पहिल्यांदाच तिथला नियमांचा बोर्ड नीट वाचला. एकोणीस नियम आहेत. नॉन-मार्किंग शूज असल्याशिवाय प्रवेश नाही. बुकिंग फक्त ॲपवर. फूल स्वतःचं आणायचं, पिसांचंच, प्लास्टिकचं चालणार नाही. सोबत आलेल्यांनी आत बसू नये. पासधारकांना प्राधान्य. हॉल नागरिकांच्या पैशातून बांधलेला, चालवायला दुसऱ्याला दिलेला. यात बेकायदा काही असेल असं मी म्हणत नाही. लाकडी कोर्ट चपलांनी खराब होतं, हेही खरं. पण दुपारी चार वाजता आत चारपैकी तीन कोर्टं रिकामी होती. दिवे बंद. वॉचमन मोबाईल बघत होता.

आणि हॉलच्या मागच्या गल्लीत पाच-सहा पोरं खेळत होती. विजेच्या खांबापासून एका ॲक्टिव्हाच्या आरशापर्यंत सुतळी बांधलेली, ती जाळी. प्लास्टिकचं फूल, एका बॅटला तार नाही तर मच्छरदाणीचं जाळं. मी थोडा वेळ थांबलो. त्यांचे नियम असे होते : फूल पत्र्यावर गेलं तर आऊट, आणि ज्याने घालवलं त्यानेच चढून काढायचं. गाडी आली की ‘लेट’, गुण परत. कुत्र्याने उचललं तरी लेट. जिंकणारा राहणार, हरणारा बदलणार, पण लहान भावाला दोन चान्स. एकाने सर्व्हिस खांद्यावरून मारली तर दुसरा ओरडला, “ए, कमरेच्या खालून!” २०१८ चा बदल अजून गल्लीत पोचायचाय.

मी एकाला विचारलं, आत का खेळत नाही? तो म्हणाला, “आत बूट लागतात.” एवढंच. तक्रारीच्या सुरात सुद्धा नाही.

तेव्हा मी मजकूर फाडला आणि घरी येऊन दुसरा लिहिला. तो असा :

“बॅडमिंटनला एकेकाळी ‘पूना’ म्हणत. या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्याच्या छावणीत तयार झाले, अशी नोंद अनेक पुस्तकांत आहे. १९४० च्या दशकात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या तारा, सुंदर आणि सुमन देवधर या भगिनी पुण्याच्या. २००८ साली सायना नेहवाल हिने जागतिक ज्युनिअर अजिंक्यपद पुण्यात जिंकले. हे सभागृह नागरिकांच्या पैशातून बांधलेले आहे. रोज दुपारी ४ ते ६ एक कोर्ट शाळकरी मुलांसाठी विनाशुल्क खुले. बूट आणि बॅट इथे मिळतील.”

काकांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. पहिला प्रश्न, “सायना पुण्यात जिंकली होती?” हो काका, बालेवाडीला, जागतिक ज्युनिअर जिंकणारी पहिली भारतीय. ते तेव्हा तिकडे जवळच राहायचे, आणि त्यांनाही आठवत नव्हतं. दुसरा प्रश्न, “शेवटच्या दोन ओळी बोर्डावर कशाला? ते वेगळं मागू.” मी म्हटलं, वेगळं मागितलं की ते वेगळ्या फायलीत जातं. कमान मंजूर होईल, फाईल राहील. चाळीस वर्षं सरकारी फॅक्टरीत काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. ‘जन्मभूमी’वर मात्र ते अजून अडून आहेत. म्हणाले, “अहो, पोरांना अभिमान वाटायला नको का?” यावर आमचं अजून एकमत नाही, आणि उद्या-परवा होईल असंही वाटत नाही.

ज्यांच्याकडे निवेदन द्यायचं त्यांच्याकडून काल निरोप आला. मजकूर लांब होतोय, कमानीवर बसणार नाही, ‘जन्मभूमीत स्वागत’ एवढंच ठेवा, बाकी बघू.

तर रविवारी सकाळी सात वाजता हॉलच्या दाराशी दोन कागद असतील. एकावर कमान आणि ‘जन्मभूमी’. दुसऱ्यावर वरचा मजकूर, शेवटच्या दोन ओळींसकट. काका पहिल्या कागदाशी बसतील, मी दुसऱ्याशी. चहा दोघांचा एकच आहे. घरात मुलांचे लहान झालेले नॉन-मार्किंग बूट पडून असतील तर येताना घेऊन या, साईझ कुठलाही चालेल.